मालतीबाईंचा कोमल ऋषभ

हळद शिजायला लागली की मी पश्चिमेकडची खिडकी लावून घेतो. सुनेला वाटतं, वाफेने मला खोकला येतो. तिला तसंच वाटू द्यावं असं मी ठरवून टाकलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सांगलीच्या ज्या टोकाला आमचं घर आहे तिथे रस्ता ओलांडला की शेतं लागतात. माघ सरत आला की शेतांच्या कडेला चुलाणांवर मोठाल्या काहिली चढतात, ओली हळद शिजते आणि माती, आलं, भिजलेलं गोणपाट यांचा मिळून एक वास घरात शिरतो. खोकला मला येत नाही. एक गाणं येतं. ते माझ्याकडे कसं आलं आणि मी त्याचं काय केलं, हे मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना अर्धं सांगितलं, आणि ते अर्धंही माझ्या सोयीचं होतं. आज एकोणऐंशीव्या वर्षी खिडकी उघडी ठेवून लिहायला बसलो आहे.

मी ऑर्गन वाजवणारा माणूस. आयुष्यभर संगीत नाटकांना साथ केली, शाळेत गाणं शिकवलं, त्यामुळे गावात सगळे मास्तर म्हणतात. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पौषातल्या एका सकाळी रेवती माझ्या दारात आली. मूळची साताऱ्याची, पुण्यात वाढलेली, पंचविशीतली मुलगी. पाश्चात्त्य गाणं शिकत होती. तिने पिशवीतून एक वही काढली आणि जपून ऑर्गनवर ठेवली. जाड कागद, तपकिरी शाई, कडा कसरीने खाल्लेल्या. इटलीतली तीनशे वर्षांपूर्वीची गाणी त्यात कुणीतरी हाताने उतरवून घेतली होती. रचना कुणाची, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ही आता तिकडेही कुणी गात नाही, काका," ती म्हणाली. "मला ती इथे गायची आहेत. सांगलीत. तुमच्या साथीवर."

पानावर दोनच ओळी होत्या. वर गळ्याची, खाली खर्जाची. खर्जाच्या स्वरांखाली बारीक आकडे. रेवतीने समजावलं की आकडे बघून साथ करणाऱ्याने मधलं सगळं आपल्या मनाने भरायचं असतं. गाणाऱ्याचंही तसंच. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मग पुन्हा पहिलं. पण दुसऱ्यांदा ते जसंच्या तसं म्हटलं तर हिला गाता येत नाही असं लोक म्हणायचे.

"अगं, मग हे आपलंच की," मी म्हणालो.

"म्हणून तर तुमच्याकडे आले."

मग तिने त्या वहीतल्या सगळ्यांत सुंदर गाण्याचं शेवटचं पान उलगडलं. कसरीने खालचा कोपरा पार नेला होता. गाणं जिथे घरी पोचायचं, तिथेच भोक.

"इथलं आजीला येतं," रेवती म्हणाली. "वाचता नाही येत तिला ही लिपी. पण रोज म्हणते ती."

त्या दिवसांची आठवण मला कधी क्रमाने येत नाही. दर गुरुवारी सकाळची साताऱ्याची एस्टी. कराडच्या स्टँडवर दहा मिनिटं, बशीत ओतलेला चहा. रस्त्याने ऊस भरलेले ट्रॅक्टर. घरून निघताना धुतलेला सदरा घालावा तर बाहीवर कारखान्याच्या काजळीचा एक काळा तुकडा येऊन बसलेला असायचा, आणि झटकला की त्याची रेघ व्हायची. मांडीवर स्वरलिपीची वही. बसच्या इंजिनाचा एक ठरलेला सूर असतो; त्या सुरावर मी मनातल्या मनात इटालियन खर्ज लावून बघायचो आणि कोयनेचा पूल कधी मागे गेला ते समजायचं नाही.

रेवतीच्या आजीचं, मालतीबाईंचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, उताराच्या गल्लीत होतं. वय अठ्ठ्याहत्तर, बारीक अंग, चष्म्याला दोरा. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झालेल्या होत्या. सोबतीला कोरेगावकडच्या हौसाबाई. त्यांनाही त्या घरात चाळीस वर्षं झाली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघी अंगणात वाघ्या घेवडा निवडत बसल्या होत्या.

"हे बघा मास्तर, मला काही येत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "मी लहानपणी पाठ केलंय, आणि विसरायचं राहून गेलंय. एवढंच."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने काही परदेशी कुटुंबं साताऱ्यात आणून ठेवली होती. गाव सोडून जायची त्यांना मुभा नव्हती. मालतीबाईंचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. आठ वर्षांची मालती औषधाची बाटली घेऊन एका इटालियन बाईंकडे जायची. त्यांचा नवरा दुसऱ्या कुठल्या छावणीत होता. घरात वाद्य एकही नव्हतं. त्या बाई टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत आणि गात. पुढे मालतीला शिकवू लागल्या.

"शिकवायच्या म्हणजे, माझ्या मागे उभ्या राहायच्या आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायच्या. सूर चढला की हात हलके. उतरला की दाबायच्या. एकमेकींची भाषा कुठे येत होती आम्हाला? युद्ध संपलं, त्या गेल्या. जाताना वही मला दिली."

हौसाबाई सुपातले खडे वेचता वेचता म्हणाल्या, "आवं मास्तर, मी नवी आली तवा मला वाटायचं, बाईंची दाढच दुकतीया."

"तुझ्या भजनापेक्षा बरं आहे ते," मालतीबाई म्हणाल्या.

"माज्या भजनात द्येव कोन त्ये तरी कळतंय. तुमच्यात कोन हाय?"

"देव नाहीये त्यात. कुणीतरी कुणालातरी सोडून गेलंय, असं रेवती सांगते."

"मग त्यानं रडायचं का गायाचं?"

"दोन्ही एकदमच करतंय ते."

आणि घेवडा निवडता निवडता त्या गायला लागल्या. आवाज म्हातारा, जागोजागी फाटलेला. पण सुराच्या मधोमध उभा. शब्दांचा अर्थ माहीत नसलेल्या माणसाने सत्तर वर्षं एखादी गोष्ट जपली की ती काय होते, ते मी त्या अंगणात ऐकलं. त्यांच्या तोंडी ते इटालियन राहिलं नव्हतं, मराठीही झालं नव्हतं. सावकाश चालणाऱ्या पाण्यासारखं काहीतरी होतं. हौसाबाईही हात थांबवून बसल्या, आणि हे त्या चाळीस वर्षं ऐकत आलेल्या.

शेवट जवळ आला. षड्जावर येण्याआधी सूर ऋषभावरून जातो. सगळ्या गाण्यात तो ऋषभ शुद्ध आहे. तिथे मात्र मालतीबाई नेहमीच्या पायरीवर न थांबता एक पायरी खाली, कोमल ऋषभावर गेल्या. तिथून निषादाला वाकल्या आणि मग षड्जावर येऊन बसल्या. भर दुपारी अंगणावरून ढगाची सावली सरकून जावी तसं वाटलं.

मी लिहायचा थांबलो. "हा ऋषभ कोमल लागतोय, मालतीबाई."

"मग लागतोच."

"बाकी गाण्यात शुद्ध आहे."

"असेल. इथे बाई खांदे दाबायच्या."

आता मी तेव्हा काय समजलो ते सांगतो. आमच्या भागात नाटक असो, बैठक असो, शेवट भैरवीने होतो. गाणं संपत आलं की आमचा कान आपोआप भैरवी मागतो, आणि भैरवीत ऋषभ कोमल. पन्नास वर्षं मी ह्याच शेवटांना साथ केलेली. मला वाटलं, गाणं सत्तर वर्षं साताऱ्यात राहिलं, आणि शेवटाला त्यात भैरवी शिरली. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी हा निर्णय घेऊन टाकला. आणि खरं सांगायचं तर मला मोठा आनंद झाला. काहीतरी शोधून काढल्याचा आनंद. एस्टीत बसून मी तो ऋषभ खोडला आणि त्याजागी शुद्ध लिहिला. बस वाठारच्या आसपास होती. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली होती.

रेवतीला ते पटलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवायला हवं. "काका, आजी फार ठाम आहे त्या जागेबद्दल."

"आजीचं वय काय?" मी म्हणालो.

तिने वहीचं पान उलटलं. मी तिच्या आजोबांच्या वयाचा, शिवाय सांगलीचा ऑर्गनवाला. ती काय बोलणार?

कार्यक्रमाआधी आठ दिवस मालतीबाई आमच्याकडे राहायला आल्या. हळदीचा हंगाम भरात होता. त्या ह्याच खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायच्या आणि शेतातली वाफ बघत राहायच्या. पुण्याहून दोन व्हायोलिनवाले आणि एक चेलोवाला आले होते. माझ्या जुन्या ऑर्गनचे भाते नवे केले होते. नाटकाच्या ऑर्गनमधून ते इटालियन खर्ज निघाले तेव्हा मला वाटलं, हे वाद्य इतकी वर्षं ह्याचीच वाट बघत होतं. पहाटे उठून मी आकड्यांवरून हात बसवायचो. घरभर वाफेचा वास. स्वयंपाकघरात मालतीबाई भाकरी थापता थापता तेच गाणं गुणगुणायच्या. इतके भरलेले दिवस मी नंतर पाहिले नाहीत. म्हणूनच बहुतेक त्यांच्याकडे वळून बघवत नाही.

तालमीत शुद्ध ऋषभ ऐकून त्या म्हणाल्या, "ही जागा अशी नाही."

"आठवण फसवते हो, मालतीबाई."

"फसवत असेल." मग म्हणाल्या, "पण मास्तर, खांदा कसा फसवेल?"

व्हायोलिनवाला मुलगा हसला. मीही हसलो. अडचणीचा प्रश्न आला की मी हसून वेळ मारून नेत असे.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. सांगलीचा श्रोता चोखंदळ. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं तो ऐकेल का, ही रेवतीला धास्ती, मला नव्हती. निवेदन मीच करत होतो. त्या गाण्याच्या आधी मी म्हणालो, "मूळ चाल शोधताना एक गंमत झाली. ह्या गाण्याचा शेवट आम्हाला आमच्या मालतीबाईंकडून मिळाला. पण सत्तर वर्षांत त्यांच्या गळ्यात आपली भैरवी मिसळली होती! इटलीच्या बाईंना आम्ही सातारी नऊवारी नेसवली होती म्हणा ना. ती अलगद सोडवून आम्ही आज तुमच्यापुढे अस्सल रूप ठेवतो आहोत."

प्रेक्षागृह खळखळून हसलं. प्रेमानेच हसलं. दुसऱ्या रांगेत मालतीबाई होत्या. शेजारच्या बाईंनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्याही हसल्या, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

रेवती फार सुंदर गायली. गाणं संपलं तसा मागून आवाज आला, "वन्स मोअर". नाटकातल्या पदाला यायचा तसाच. तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि टाळ्यांच्या त्या लाटेवर आम्ही तो चुकीचा ऋषभ पुन्हा वाजवला.

पुढचं वर्ष माझं चांगलं गेलं. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल छापून आलं, विसरलेल्या संगीताचा शोध घेणारा वगैरे. दोन-तीन गावांत व्याख्यानांना बोलावलं. प्रत्येक ठिकाणी मी तो भैरवीचा किस्सा सांगितला. त्याला हमखास हशा होता. सांगता सांगता तो वाढला. एका ठिकाणी तर मी मालतीबाईंच्या गाण्याची नक्कलही केली. लोक विचारत, इतकं जुनं, इतकं परकं संगीत आजच्या माणसाला का आवडावं? मी काहीतरी मोठं बोलायचो.

विसरलेलं संगीत हा शब्द मी किती सहज वापरला, ह्याचं आता नवल वाटतं. कुणी विसरलं होतं ते? ज्या देशात ते जन्मलं तिथले लोक विसरले असतील. आम्हाला तर ते माहीतच नव्हतं, मग विसरणार कुठून? एक बाई मात्र घेवडा निवडताना, मशीनवर पोलकी शिवताना, नवरा गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी ते रोज म्हणत होती. ते मेलेलं नव्हतं, म्हणून त्याला जिवंत करायचा प्रश्नच नव्हता. आमचं काम फक्त ऐकायचं होतं. मी ऐकण्याआधी दुरुस्त केलं.

पुढच्या माघात रेवती शिक्षणासाठी इटलीत होती. एके दिवशी दुपारी माझ्या फोनवर एक फोटो आला. तिथल्या एका लहान गावातल्या चर्चच्या कपाटात तिला हस्तलिखितांचा गठ्ठा मिळाला होता, आणि त्यात आमचं गाणं होतं. पूर्ण. शेवटच्या ओळीत, षड्जाच्या अलीकडे, ऋषभाच्या पुढे स्वर उतरवायची खूण. जाड टाकाने काढलेली, शंका राहू नये इतकी स्पष्ट. खाली खर्जही त्याच बेताने मध्यमावर थांबलेला.

लगेच तिचा फोन आला. ती हसत होती आणि रडतही होती. "काका, आजी बरोबर होती. इथले सर म्हणतात, त्या भागातले लोक शेवटाला येताना हा स्वर मुद्दाम उतरवायचे. दुःखाची जागा असायची ती. आपण सगळे चुकलो, काका."

आपण सगळे, असं ती म्हणाली. तिचा चांगुलपणा.

"आजीला तुम्हीच जाऊन सांगा. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हौसाताईंना मी हे कसं समजावू? तुम्ही वाजवून दाखवा तिला."

"हो, हो, मी जातो," मी म्हणालो.

फोटोची मी मोठ्या कागदावर प्रत काढून घेतली. पहिला गुरुवार गुडघे दुखतात म्हणून गेला. दुसऱ्या गुरुवारी कराडला एक व्याख्यान होतं. तिथे मी भैरवीचा किस्सा सांगितला नाही, पण तो खोटा होता असंही सांगितलं नाही. तिसऱ्या गुरुवारी साताऱ्याला जाऊन आलो. आषाढात मालतीबाई गेल्या.

रेवतीला येता आलं नाही. फोनवर ती म्हणाली, "तिला ते कळलं होतं, एवढं तरी बरं झालं. तुम्ही सांगितलंत ना काका? काय म्हणाली?"

मी म्हणालो, "सांगितलं. हसल्या."

रेवती आता तिकडेच असते. ते गाणं ती कोमल ऋषभानेच गाते, आणि दर वेळी श्रोत्यांना सांगते की माझ्या आजीला हे शेवटी कळलं होतं. तिने हा लेख वाचावा. माझ्यावरचा तिचा जीव कमी होईल. तो व्हायला हवा.

तर तो तिसरा गुरुवार. कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात होती. काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं. हौसाबाईंनी दार उघडलं. मालतीबाई पलंगावर बसून होत्या, वर्षभरात खूपच बारीक झालेल्या. हौसाबाईंनी जेवायला घातलं, घेवड्याची उसळ होती. रेवतीच्या गोष्टी निघाल्या. घर फार शांत वाटत होतं; का, ते माझ्या आधी लक्षात आलं नाही.

हौसाबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "मास्तर, तुमी तरी सांगा ह्यास्नी. वरीस झालं, त्ये गानं म्हनतच न्हाईत. सवय झाल्ती वं मला. घर कसं खायाला उठतंय."

"अगं, चुकीचं कशाला म्हणायचं?" मालतीबाई म्हणाल्या. त्यात माझ्याबद्दल राग नव्हता. वापरातून गेलेल्या भांड्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. "इतकी वर्षं बाईंचं गाणं मी बिघडवत होते, मास्तर. मला कुठे ठाऊक होतं? तुम्ही नीट केलंत ते बरं झालं."

माझा हात खिशावर गेला. कागद बोटांना लागत होता. समोर त्या होत्या, हौसाबाई होत्या, तिसरं कुणी नव्हतं. कोपऱ्यात रेवतीची लहानपणीची पेटी होती. एक पट्टी दाबायचा अवकाश होता.

"तुम्हाला काही सांगायचं होतं का?" त्यांनी विचारलं. "आल्यापासून तसे दिसताय."

मला म्हणायचं होतं: मालतीबाई, तो ऋषभ कोमलच आहे. तुमच्या बाईंनी खांदे दाबले होते, आणि तुमच्या खांद्यांनी ते सत्तर वर्षं बरोबर लक्षात ठेवलं. चूक माझ्या कानाची होती. ती मी भरल्या नाट्यगृहात तुमच्या नावावर सांगितली आणि त्यावर लोकांना हसवलं. मला माफ करा, आणि ते गाणं पुन्हा म्हणा.

मी म्हणालो, "छे हो. सहज आलो होतो."